डाव्या कुशीवरचं इंजिन

केरळच्या किनाऱ्यावरच्या कोच्चुतुऱ्यात सेलस्टिनला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला भोवरा म्हणत. भोवरा एका जागी बसलेला दिसला तर तो आजारी आहे असं समजावं, अशी त्याची ख्याती. आयटीआयला डिझेल शिकायला गेला आणि दीड वर्षानं वायरमनच्या वर्गात जाऊन बसला. मग नीण्डकराच्या बंदरात सहा वर्षं बोटींची इंजिनं, मग शारजात नऊ वर्षं मोटारींचं विजेचं काम. तिथूनही एक दिवस उठला आणि गावी आला. आता त्रेचाळिसाव्या वर्षी चर्चच्या भिंतीला लागून त्याची पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गावातली झाडून सगळी इंजिनं. हातात कला होती, त्यात वाद नाही. पण काम संपत आलं की त्याचं मन पुढच्या कामावर उडी मारायचं. शेवटचा बोल्ट आवळताना तो दुसऱ्याच इंजिनाचा आवाज ऐकत असायचा.

एका ठिकाणी मात्र भोवरा कधी फिरकला नव्हता. समुद्रात. सात पिढ्या मासे धरणाऱ्या घरातला, पण किनाऱ्याच्या लाटा ओलांडल्या की पोटात होतं-नव्हतं ते बाहेर. त्याच्या थोरल्या बहिणीचा, जॅसिंताचा, नवरा स्टेलस म्हणायचा, "आमचा अळियन इंजिनांचा मोठा डॉक्टर. फक्त रोग्याच्या घरी जात नाही."

तिकडे मेहुणे मेहुणे एकमेकांना अळियनच म्हणतात. सेलस्टिनही उलटून म्हणायचा, "अळिया, रोगी रोज माझ्या दारात येऊन आडवा होतो. मी कशाला जाऊ?"

अल्टरनेटरचं खूळ मकर महिन्यात, संक्रांतीनंतर निघालं. स्टेलसच्या होडीला रॉकेलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं इंजिन होतं. होडी ते झकास पळवायचं, पण बॅटरी भरायच्या नावानं शून्य. वायरलेस, जीपीएस आणि रात्री माकूल मासळी ओढून घेणारा दिवा, सगळं एका बॅटरीवर. ती एक रात्र जेमतेम पुरायची. अलीकडे माकूल लांब गेली होती, दोन-दोन दिवस बाहेर राहावं लागे, म्हणून स्टेलस घरी भरलेल्या दोन बॅटऱ्या वाहून न्यायचा.

"गाडीचं इंजिन स्वतःची बॅटरी स्वतः भरतं," सेलस्टिन म्हणाला. "तुझ्या इंजिनाला काय धाड भरलीय? बसवून देतो."

पंधरा दिवस तो झपाटल्यासारखा फिरला. भंगारातून एका छोट्या मोटारीचा अल्टरनेटर आणला, उघडला, कार्बन बदलले, आतल्या तारांवर वॉर्निश चढवलं, कारण गाठ खाऱ्या हवेशी होती. लेथवर ॲल्युमिनियमची पुली कातून घेतली आणि इंजिनाच्या डोक्यावरच्या फ्लायव्हीलला तीन बोल्टांनी बसवली. पुलीला दोन खाचा ठेवल्या, खालची पट्ट्यासाठी, वरची सुरू करायच्या दोरीसाठी. ही युक्ती त्याला स्वतःलाच इतकी आवडली की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. उजवीकडे कार्बोरेटर होता, तिथं जागा नव्हती. म्हणून डावीकडे लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट करून अल्टरनेटर त्यावर टांगला. इंजिनाचं टोपण तेवढं कापलं. मग इंजिन स्टँडला उभं लावून, पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून दोरी ओढली. जोडलेला छोटा लाल दिवा पेटलेला होता. वेग वाढताच तो विझला. मीटरवर पावणेचौदा व्होल्ट.

"दिवा विझला," स्टेलस म्हणाला.

"विझायलाच हवा. विझला म्हणजे बॅटरी भरतेय."

"तुझं सगळंच उलटं."

"दुसरी बॅटरी घरी ठेव आता. ओझं कशाला वाहतोस?"

सोमवारी दुपारी होडी निघणार होती. स्टेलस म्हणाला, "लाटा ओलांडेपर्यंत तरी किनाऱ्यावर ये. बघ कसं चालतंय ते."

"पिंपात बघितलं की," सेलस्टिन म्हणाला आणि शेजारच्या गावात एक बंद पडलेलं इंजिन बघायला स्कूटरवरून निघूनही गेला.

होडी बुधवारी सकाळी सातला यायची होती. नऊ वाजून गेले तरी आली नाही. हवेत पांढुरकं धुकं साचलं होतं, पूर्वेचे डोंगर पार पुसले गेले होते. परत आलेल्या एका होडीवरचा तांडेल शेडपाशी थांबला. "पहाटे वायरलेसवर स्टेलसचा आवाज आला," तो म्हणाला. "म्हणाला, 'सेलस्टिनला सांगा,' आणि तुटला. मग कितीदा हाका मारल्या, काही नाही."

"काय सांगा?"

"तेच तर तुटलं."

सेलस्टिननं हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला. किनाऱ्यावर गेला, परत शेडमध्ये आला. नवीन पट्टा शोधला, तो खिशात घातला, काढला. पट्टा तुटला असेल? पण तो नवा होता. कार्बन? तेही नवे. वायर सुटली असेल? त्यानं स्वतः झाळलेली. डोक्यात अख्खं यंत्र त्यानं तीनदा उघडलं आणि तीनदा जोडलं. प्रत्येक वेळी ते पिंपात छान चालत होतं. 'सेलस्टिनला सांगा.' काय सांगा?

जॅसिंता वाळूत पालथ्या टोपलीवर बसली होती. एरवी या वेळी ती मासळी घेऊन निम्मा गाव पालथा घालून आलेली असे. तिनं विचारलं, "कितव्यांदा आलास?"

"मोजलं नाही."

"मी मोजलंय. अकरा. बस, नाहीतर जाळ्याच्या दोरीनं बांधीन."

तो बसला. समोरच एक होडी लाटेवर स्वार होऊन वाळूत घुसली. इथं बंदर नाही, धक्का नाही. होडी वाळूत ओढायची तर आधी तिच्या पाठीवरचं इंजिन काढावं लागतं. दोघांनी स्क्रू सोडले, इंजिन खांद्यावर घेतलं, वर आले आणि जुन्या जाळ्याच्या ढिगावर अलगद आडवं केलं. डाव्या कुशीवर. कार्बोरेटर वर राहावा, रॉकेल सांडू नये म्हणून गावात प्रत्येक जण इंजिन डाव्याच कुशीवर निजवतो. सेलस्टिनचा बाप निजवायचा, आजाही. त्याच्या शेडच्या दारातही रोज इंजिनं याच कुशीवर येऊन पडत.

सेलस्टिन उठून उभा राहिला.

नीण्डकरामध्ये इंजिन अख्खा हंगाम बोटीच्या पाठीवर उभं असायचं. त्याच्या डोक्यात इंजिन कायम उभंच होतं. स्टँडवर उभं, पिंपात उभं. सोमवारी तो निघून गेल्यावर त्यांनी इंजिन खांद्यावर आणलं असणार आणि होडी ढकलेपर्यंत वाळूत निजवलं असणार. चाळीस किलो वजन थेट त्या ब्रॅकेटवर. मऊ वाळूत कुणाला कळलंही नसेल. ब्रॅकेट दोन सूत वाकला तरी पुरे; पट्टा तिरका धावतो, तापतो, एक एक धागा सोडतो आणि तुटतो. मग बॅटरी भरणं बंद.

"काय झालं?" जॅसिंतानं विचारलं.

त्यानं सांगितलं. सांगताना नजर वाळूतच होती.

ती समुद्राकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे इंजिन चालू असेल?"

"इंजिनाला काही झालेलं नसणार. ते बॅटरीशिवाय चालतं. फक्त वाट दाखवणारं सगळं मेलंय. आणि दुसरी बॅटरी..."

"माझ्या खाटेखाली आहे. तू ठेवायला लावलीस."

सेलस्टिन पुन्हा वाळूत बसला.

"होडीत मरियदासन आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. मरियदासन स्टेलसचा सत्तरीचा चुलता. जीपीएस आल्यापासून पोरं त्याला चेष्टेनं 'जुना नकाशा' म्हणत. डोंगराचं कुठलं शिखर कुठल्या चर्चच्या मनोऱ्यावर आलं की आपण कुठं, याचा हिशेब, गावच्या भाषेत कणिच्चम, त्याच्या डोक्यात होता. "पण त्याला डोंगर दिसायला हवेत," जॅसिंता म्हणाली आणि धुक्याकडे बघत राहिली.

सेलस्टिन आता फेऱ्या घालत नव्हता. उन्हानं धुकं विरायला लागलं तसतसा तो पूर्वेचे डोंगर बघत होता. बाराच्या पुढे अगस्त्यकूडमचं टोक दिसलं. मग खालची रांग. तो तिथंच बसून राहिला. जॅसिंतानं घरून आणून दिलेली पेजही त्यानं तिथंच प्यायली.

अडीच वाजता दक्षिणेकडून, कुणाला अपेक्षा नव्हती अशा बाजूनं होडी आली. स्टेलस धरून होडीतले चौघंही होते. मरियदासन पुढं उभा होता, एक हात डोळ्यांवर धरून.

इंजिन सोडवायला सेलस्टिन कमरेएवढ्या पाण्यात गेला. पट्टा नव्हताच, नुसती काळी पूड राहिली होती. ब्रॅकेटच्या कोनात वाळू घट्ट बसली होती. खांद्यावरून इंजिन वर आणून ते खाली ठेवायची वेळ आली तेव्हा स्टेलस सवयीनं डावीकडे वाकला.

"थांब," सेलस्टिन म्हणाला. "उभंच धर." आणि का ते त्यानं चौघांसमोर सांगितलं.

स्टेलस ऐकून घेऊन म्हणाला, "वाहवत गेलो होतो रे खाली दक्षिणेला. पहाटेपासून इंजिन बंद ठेवून बसून होतो. म्हातारा म्हणाला, डोंगर दिसल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढायची नाही, रॉकेल वाया जाईल."

"जुना नकाशा," मरियदासन म्हणाला. "याला बॅटरी लागत नाही. पेज आहे का?"

"पहाटे काय म्हणत होतास?" सेलस्टिननं विचारलं. "सेलस्टिनला सांगा म्हणून?"

"म्हणत होतो, तुझा तो लाल दिवा मघाचा पेटलाय, जळका वास येतोय, आता काय करू ते विचारून सांगा." स्टेलसनं डोक्यावरचा टॉवेल पिळला. "काढून फेक म्हणणार होतो. पण काल रात्री दोनपर्यंत काय उजेड होता, अळिया. एवढी माकूल वर्षात बघितली नव्हती. तेव्हा ठेव. फक्त पुढच्या वेळी तूही ये. म्हणजे तुला सांगायला वायरलेस लागणार नाही."

सगळे हसले. सेलस्टिन हसला नाही.

दोन दिवसांत त्यानं ब्रॅकेट जाड पट्टीचा केला आणि अल्टरनेटरभोवती पाइपाची कमान वाकवून बसवली, मोटारसायकलला असते तशी. मग इंजिन स्वतः दहा वेळा डाव्या कुशीवर निजवलं, दहा वेळा उभं केलं आणि दर वेळी पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. या कामात एक अख्खी दुपार गेली. शेजारच्या गावातला माणूस दोनदा बोलवायला आला आणि परत गेला.

शनिवारी होडी ढकलली तेव्हा भोवरा आत होता, दोन्ही भरलेल्या बॅटऱ्यांच्या मध्ये, गुडघे छातीशी घेऊन. तिसऱ्या लाटेला त्याची सकाळची पेज समुद्रात गेली, पाचवीला उरलेलं सगळं.

"घरी सोडू का?" स्टेलसनं विचारलं.

त्यानं तोंड पुसलं आणि नको म्हणून मान हलवली. किनारा मागे पडत होता. त्याची नजर इंजिनाजवळच्या त्या छोट्या लाल दिव्यावर होती. दिवा विझलेला होता. तो तसाच विझलेला बघत तो दुसऱ्या दिवसापर्यंत एका जागी बसून राहिला.