चार ओळींची जागा

लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, माहीत नाही. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर सांभाळून घ्या. परवा आईने गोधड्या उन्हात टाकल्या आणि त्यांच्या उबदार, जराशा कुबट वासाने मला पाच वर्षं मागे नेलं.

बाबा भीमगीतं गायचे. गावी दोन वर्षं काढून आम्ही दिघ्याच्या खोलीत परतलो, ते त्यांचा अल्बम पुरा करायलाच. शेवटच्या गाण्यात त्यांना घरच्यांचा कोरस हवा होता. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी भिंतींवर याच गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. रेकॉर्डिंग करणारा संतोषदादा घामाने निथळत होता.

"काका, कुकरात बसल्यासारखं वाटतंय."

"बस, पण शिट्टी करू नको." आई पदराआड हसली. मग बाबा मला म्हणाले, "ये लेका, तुझ्या चारच ओळी हायेत."

माझा आवाज तेव्हा फुटत होता. वर्गातली पोरं हसतील, असं वाटलं. "मला क्लास आहे," म्हणून मी निघालो. क्लास नव्हताच. जिना उतरताना सुटल्यासारखं वाटलं होतं. आता तेच टोचतं.

महिन्याभरात बाबा गेले. अल्बम राहिलाच.

काल संतोषदादाचा फोन आला. ते गाणं त्याला जुन्या डिस्कवर सापडलंय. माझ्या चार ओळींपाशी नुसती ढोलकी वाजते, आणि शेवटी बाबांचा आवाज आहे, "ही जागा तशीच ठेव संतोष, पोरगं येईल क्लासवरून."