कूलरची जागा

मयुरा फोनवर बोलायला लागली की पलीकडचा माणूस रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरतो. त्यात तिचा दोष नाही. नागपूरजवळच्या कामठीला तिच्या घरी पुढच्या खोलीत पॉवरलूम होते आणि मागच्या खोलीत संसार. त्या खडखडाटात जेवताना मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. तिचे वडील रुपराव तर अजूनही शेजारी बसलेल्या माणसाशी नदीपलीकडच्या माणसासारखे बोलतात. अशा घरातली पोर पुढं फोनच्या धंद्यात पडली.

पॉलिटेक्निक झालं, नोकरी लागली, लोकांच्या ऑफिसातले फोन नीट करता करता पस्तिशी जवळ आली. मग तिनं नोकरी सोडली आणि स्वतःच्या नावानं काम सुरू केलं. बांधकामाच्या साइटवर इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे आणि इमारतीत लोक राहायला आले की तेच घराघरात आणि गेटवर न्यायचे, असा तिचा बेत.

"ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे, तुह्या फोनले कोन विचारते वं?" रुपराव म्हणाले.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण रुपराव कधी बांधकामाच्या तळघरात उतरले नव्हते. तिथं मोबाइलला रेंज नसते. वर गेलं तर दोन्ही हात घमेल्यात, आणि मिक्सरच्या घरघरीत खिशातली रिंग कोणाला ऐकू येते? गोंगाटात माणसाला माणूस कसा सापडत नाही, हे मयुराला लहानपणापासून ठाऊक होतं.

पहिलं काम मिळालं नागपूरच्या टोकाला, बेसाच्या पुढं, तीन इमारतींच्या एका स्कीमवर. साइट चंपतरावांच्या ताब्यात. या गृहस्थांनी उभा जन्म खालून वर आणि वरून खाली ओरडण्यात घालवलेला. फोनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"एका बिल्डिंगीत लाव," ते म्हणाले. "उन्हाळाभर चालले तर बाकीच्या दोन तुह्याच. नाई चालले तर खोलून घेऊन जाय. आपला गळा हाये मजबूत."

पहिलंच काम असं परत आलं असतं तर नागपुरात दुसऱ्या कोणत्याही बिल्डरनं तिला दारात उभं केलं नसतं. या धंद्यात बातमी सिमेंटच्या ट्रकपेक्षा जोरात पळते.

तिनं भर थंडीत काम केलं. मजल्यामजल्यावर पत्र्याच्या पेटीत एकेक फोन बसवला आणि सगळ्यांच्या वायरी ते फोन चालवणाऱ्या एका डब्यात आणून सोडल्या. डब्यासाठी जागाही फार विचार करून निवडली, पाळणाघराची. मजूर बायका वर कामाला गेल्या की त्यांची पोरं सिंधूताई तिथं सांभाळायच्या. खोली पक्क्या भिंतींची, वर कडुनिंबाची सावली, धूळ नाही. भिंतीत एकच मोठं सॉकेट होतं आणि तेही रिकामं. मयुरानं डब्याची पिन त्यात खुपसली. खिडकीपाशी पोत्यानं झाकलेलं काहीतरी उभं होतं, पण थंडीत त्याच्याकडं कोण बघतं?

होळीपर्यंत फोन झकास चालले. स्वतः चंपतरावही, कोणी बघत नसलं की, फोनवर बोलू लागले. मग ऊन तापलं आणि फोन दुपारी मरायला लागले. जेवणानंतर सगळे मुके, चार वाजले की आपोआप जिवंत. मयुरा दुसरीकडचं काम टाकून स्कूटीवर धावत यायची तोवर सगळं ठीक. पंचेचाळीस डिग्रीत डबा तापून बंद पडत असणार, असा तिचा होरा. तिनं डब्यात पंखा बसवला, वायरी बदलल्या, इंटरनेटवाल्याशी भांडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललं होतं.

एका दुपारी नवव्या मजल्यावर स्लॅब टाकताना पंप बिघडला. "काँक्रीटची गाडी पाठवू नका" हे सांगायला वरून कोणी फोन उचलला तर फोन मुका. गाडी आली, उन्हात उभी राहिली आणि आतला माल घट्ट होऊ लागला.

"उद्या दुपारी चालले नाई," चंपतराव इतकंच म्हणाले, "तर संध्याकाळी खोल."

ते ओरडले नाहीत, म्हणून मयुरा जास्त घाबरली.

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारीच हजर झाली. डबा किती तापतो ते हात लावून बघायचं होतं. पाळणाघराचं दार ढकललं तर आतून वाळ्याचा गार वास आला. पोट्टे ओळीनं गाढ झोपलेले. खिडकीतलं पोतं निघालं होतं आणि तिथं कूलर घुमत होता. तिनं डब्याला हात लावला. डबा थंडगार. त्याची पिन भिंतीशी लोंबत होती आणि सॉकेटात कूलरची पिन होती.

"हळू बोल बेटा," सिंधूताई ओठावर बोट ठेवून कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागला पोट्ट्याईचा. तो तुहा डबा मले माहीत हाये, हात नाई लावत मी. फक्त पिन काढते, अन् उठले का कूलरवर पोतं टाकून लावून देते जशीच्या तशी."

नागपूरच्या उन्हात जन्म गेला आणि मयुराला कूलरचं सॉकेट ओळखू आलं नाही! तेवढ्यात चंपतराव दारात आले. त्यांनी लोंबती पिन पाहिली.

"कोनं काढली हे?"

सिंधूताईंचा चेहरा उतरला. साइटवरून माणूस काढायला चंपतरावांना एक शब्द पुरायचा. आणि मयुराला सुटायला एक बोट दाखवणं पुरलं असतं.

"चूक माही आहे, साहेब," ती म्हणाली. "मी कूलरची जागा घेतली. ताईंनी फक्त परत घेतली."

चंपतराव तिच्याकडं वळले. "कुठची वं तू?"

"कामठीची."

"कामठीची, अन् कूलर विसरली?" त्यांच्या मिशा हलल्या. "संध्याकाळपर्यंत दुरुस्त कर."

तिनं डब्यासाठी भिंतीत उंचावर विजेची वेगळी लाइन ओढली आणि तिला कुलपाची पेटी केली. मग जाता जाता, कोणी न सांगता, सिंधूताईंच्या हाताशी एक फोन बसवला. पुन्हा काही काढायचं झालं तर आधी विचारतील, एवढाच हिशोब.

दुसऱ्या दुपारी चंपतरावांनी तळघरातून पाळणाघराला फोन लावला, डबा जिवंत आहे का ते बघायला. लाइन बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. तणतणत ते पाळणाघरात आले, तर डब्यावर हिरवे दिवे आणि सिंधूताई रिसीव्हरमध्ये कुजबुजत होत्या, "झोपला वं, जयवंता. दूध पिऊन झोपला. तू जेव आता." वर नवव्या मजल्यावर जयवंताच्या मागं फोनपाशी आणखी मजूर बायकांची रांग लागली होती. आजवर पोर रडलं का निजलं हे कळायला त्यांना सुट्टी होईपर्यंत वाट बघावी लागायची.

कोपऱ्यात मयुरा डब्याचे दिवे तपासत उभी होती.

"दुसऱ्या बिल्डिंगीत लावशीन तवा," चंपतराव हळू आवाजात तिला म्हणाले, "पाळणाघराले दोन फोन लावजो. मले लाइनच नाई भेटून राहिली."

"हो साहेब!" मयुरा म्हणाली, कामठीच्या गळ्यानं, आणि ओळीतली सगळी पोरं एकदम उठून रडायला लागली.