डोंबिवलीच्या काकांची पहिली भाषा

जगात संगणकाच्या जेवढ्या म्हणून भाषा आहेत, तेवढ्या सगळ्या आमच्या डोंबिवलीच्या काकांनी शिकायला घेतल्या आहेत. शिकलेली मात्र एकही नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. निवृत्त झाल्या दिवसापासून 'पहिली भाषा कोणती घ्यावी' या एकाच प्रश्नाचा त्यांचा अभ्यास चालू आहे. जावा भारदस्त, पण फार बोलते. सी जुन्या वळणाची, पण चूक पोटात घालत नाही. पायथन सोपी, पण "सोपं ते टिकत नाही." प्रत्येक भाषेची मोफत पुस्तकं इंटरनेटवरून उतरवायची, छापून बाइंडिंग करून आणायची, खाकी कव्हर घालून त्यावर वळणदार अक्षरात भाषेचं नाव लिहायचं, की त्या भाषेचा अभ्यास संपला. मावशी त्या बाडांना 'स्थळं' म्हणते. "आज आणखी एक स्थळ आलंय," ती फोनवर सांगते, "पत्रिका बघणं चालू आहे."

अशा माणसाकडे सल्ल्याला गेले, यावरून माझी अक्कल कळावी. मी वर्तकनगरच्या एका शाळेत मराठी शिकवते. पट कमी झाला तेव्हा मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "जूनपासून सहावीला कोडिंग आहे. तुम्ही घेतलंत तर राहाल, नाहीतर अतिरिक्त ठराल." अतिरिक्त म्हणजे जिथे पाठवतील तिथे जायचं, आणि माझ्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. महिन्याभराने एका सोमवारी नमुना पाठ द्यायचा होता आणि मला संगणकावर माउसशिवाय काही हलवता येत नव्हतं.

मग दर रविवारी मी डोंबिवलीला. काका विचारायचे, "तुझा स्वभाव कसा आहे? भाषा स्वभावाला मानवायला हवी." आणि मी गंभीर चेहऱ्याने स्वतःचा स्वभाव सांगायची. तीन रविवार माझ्या स्वभावात गेले. चौथ्या रविवारी व्हिडिओ कुणाचे बघावेत यावर खल झाला आणि ज्याचे उच्चार शुद्ध तोच खरा गुरू, असं एकमताने ठरलं. खरं सांगू? मला हे सगळं फार आवडत होतं. निवडत राहिलं की सुरू करावं लागत नाही. घरी परतताना हातात नवं बाड असायचं आणि आपण पुष्कळ शिकलो असं वाटायचं.

पाठाच्या आदल्या दिवशी मात्र माझं धाबं दणाणलं. म्हटलं, "काका, भाषा कुठलीही चालेल, पण आज एक ओळ तरी लिहू या." मग काकांनी पायथन उघडली आणि आम्ही दोघांनी मिळून आयुष्यातली पहिली ओळ लिहिली: वय = १०. आकडे अर्थातच देवनागरी. मराठीची बाई आणि भाषाशुद्धीवाले काका दुसरं काय लिहिणार? यंत्राने ओळ लाल अक्षरांत परत केली. काकांनी शुद्धलेखन तपासलं. मी 'वय'च्या जागी 'वयोमान' घालून पाहिलं. तासाभराने काका म्हणाले, "दोष आपला नाही. भाषाच चुकीची निवडली," आणि जावाचं बाड काढायला उठले. एवढ्यात मावशी चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "अहो, त्याला इंग्रजी आकडे लागत असतील. घालून तर बघा."

घातले. ओळ मुकाट्याने चालली. वयात एक मिळवून दाखव म्हटल्यावर पडद्यावर अकरा आले. मी टाळ्या वाजवल्या. काका चष्मा पुसत म्हणाले, "सुरू केलं आणि जमलं नाही तर, असं वाटायचं गं. म्हणून निवडतच राहिलो." माझं तरी महिनाभर दुसरं काय चाललं होतं?

सोमवारी मुलांच्या तीन प्रश्नांना मी "उद्या सांगते" म्हणाले, तरी मोठ्या बाईंनी पाठ पास केला आणि मी शाळेत राहिले. काकांनी आता एकच बारकं पुस्तक धरलंय. अडलं की मला फोन करतात, आणि मी त्यांच्यापेक्षा जेमतेम एक धडा पुढे असूनही पंडितासारखी उत्तरं देते. परवा असाच फोन आला. मला जन्मापासून 'ए चिमे' म्हणणारा हा माणूस जरा अडखळला आणि म्हणाला, "बाई, एक शंका होती." उत्तर मला येत होतं, तरी मी म्हटलं, "ऐकू नाही आलं, पुन्हा विचारा."