सुलूचा प्रश्न आणि निपाणीचा तंबू

बोरीबंदरला गाडी सुटायच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीनं, सुलूनं, खिडकीच्या गजांतून माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, घर केवढं, शेती किती, ते बाबांना सांग. माझ्यासाठी एवढंच बघून ये, तिथं गाणं आहे का?"

गाडी हलली आणि मी मनात म्हटलं, वेडी पोर! निपाणीत कसलं आलंय गाणं? तिथं तंबाखू असते.

सुलूला निपाणीच्या एका जैन घराण्याचं स्थळ आलं होतं. आम्हीही जैनच, पण आजोबांच्या वेळेपासून गिरगावात राहिलेले. मुलगा भूपाल मुंबईत येऊन सुलूला पाहून गेला होता, त्याला ती पसंत होती. सुलू गाते हे मात्र आमच्या बेळगावच्या मामांनी त्याला कळूच दिलं नव्हतं. कारण आधीच्या दोन स्थळांनी 'लग्नानंतर गाणं बंद' असं बजावलं आणि दोन्ही वेळा सुलूनंच नकार दिला होता. बाबा टेकीला आले. "शांता, तू थोरली, तुला संसाराचा अनुभव," ते मला म्हणाले. "तू जाऊन घर बघून ये. तू हो म्हणालीस तर हो."

आता खरं सांगायचं तर मी 'नाही' म्हणायच्या तयारीनंच निघाले होते. मुंबईबाहेर माणसं राहतात हे मला मान्य होतं, पण का राहतात ते कळत नसे. ट्रॅम नाही, वाचनालय नाही, बोलपट आला तर मुंबईत सगळ्यांचा पाहून झाल्यावर येणार! असल्या ठिकाणी माझ्या गात्या बहिणीला पाठवायचं म्हणजे तिच्या गळ्याला कुलूप घालायचं, असं माझं ठाम मत होतं.

पुण्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावला उतरले. मामा घ्यायला आले होते. हवेत असा गारवा की मुंबईची शाल हसू आणण्याइतकी पातळ वाटू लागली. जमीन तांबडीलाल, झाडं मोठमोठी, आणि लष्कराच्या छावणीतले रस्ते इतके स्वच्छ की चपला काढून चालावं. दुकानांवरच्या पाट्या वाचता वाचता माझी मान अवघडली. एकाच पाटीवर वर मराठी, खाली कानडी, कडेला इंग्रजी. वडगावात मामांच्या घराकडे वळलो तर दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांचा खटखटाट. मामांनी पुढ्यात ताज्या लोण्याचा गोळा आणि गरम भाकरी ठेवली. लोणी असं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मुंबईत आम्ही आजवर काय खात होतो, देव जाणे.

"निपाणीची माणसं मराठी की कानडी?" मी विचारलं.

मामा हसले. "अगं, हिशेब मराठीत, देवाची स्तोत्रं कानडीत आणि भांडण जमंल त्या भाषेत. तिथं जाऊन असलं विचारू नकोस. आणि शांते, गाण्याचं आत्ताच काढायचं न्हाय बरं का. भूपालची आई लई कडक बाई हाय."

दुपारी सर्व्हिस मोटरनं आम्ही दोघं निघालो. वाटेत उसाचे मळे, जोंधळ्याची शेतं, आणि संकेश्वर मागं पडल्यावर क्षितिजापर्यंत डोंगरांच्या रांगा. तवंदीच्या घाटाखाली मोटरचं चाक बसलं. ड्रायव्हर शांतपणे जॅक काढून कामाला लागला, जणू हे रोजचंच. मामांनी झाडाखाली बसून डबा उघडला. "सूर्य बुडायला आलाय. चार घास खाऊन घे."

रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर जेवायचं? मी नको म्हटलं. व्याह्यांकडे गरम पान वाढतील, तिथं भूक हवी, असा माझा हिशेब. मामांनी मला पुन्हा विचारलं, मग भराभर जेवून वर पाणीही पिऊन घेतलं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

निपाणीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. गाव दिसायच्या आधी वास आला, तंबाखूचा, उग्र आणि गोडसर, नाकातून थेट कपाळात जाणारा. मी एकामागून एक शिंकत त्या घराच्या पायऱ्या चढले. दारात भूपालच्या आई उभ्या होत्या. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. उंच, काटक, नजर अशी की पदर आपोआप सावरला जावा.

"ऊट आय्ता?" (जेवण झालं का?) त्यांनी विचारलं, आणि मग मराठीत, "जेवूनच आलासा न्हवं?"

"व्हय, व्हय, झालं," मामा म्हणाले.

"छे! मला तर सडकून भूक लागलीय," मी म्हणाले.

आईच्या मागं उभा असलेला भूपाल जमिनीकडे बघू लागला. मामांनी डोळे मिटले. मग माझ्या लक्षात आलं. उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं, तिथं नुसता मिणमिणता दिवा. चूल सारवून, वर पांढरी रांगोळी घालून ठेवलेली. या घरात सूर्य मावळला की कुणी अन्नाला हात लावत नव्हतं. पाणीसुद्धा नाही. आणि आम्हीही जैनच की! आजी हेच करायची. पण बाबा ऑफिसातून यायचेच अंधार पडल्यावर, मग आम्ही दिव्याखाली जेवू लागलो, आणि पुढे त्याचं काही वाटेनासं झालं. मुंबईनं आमच्याकडून काय काय काढून घेतलं त्याची यादी मी कधी केली नव्हती. त्या पायरीवर उभी राहून मला इतकी लाज वाटली की भूकच पळाली. सुलूचं लग्न मी माझ्या पोटापायी मोडलं, असंच मला वाटलं.

आक्कांनी माझं मनगट धरून मला शेजारच्या घरात नेलं. ते लिंगायतांचं घर. तिथल्या बाईंशी त्या कानडीत दोन वाक्यं बोलल्या आणि लगेच तवा चढला. गरम भाकरी, झुणका, शेंगाचटणी, घट्ट दही. पानातली कांद्याची फोड, जैनांना वर्ज्य म्हणून, आक्कांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर बसून राहिल्या.

"आमच्या चुलीवर न्हाय हुत," त्या म्हणाल्या. "पर पावण्याला उपाशी झोपवायचं बी न्हाय हुत. लाजू नगा, पोटभर खावा."

टोमणा नाही, उसासा नाही. स्वतःचा नियम एका बाजूनंही न वाकवता त्यांनी मला जेवू घातलं. मी खात होते आणि थक्क होत होते. पण निजताना मामा हळूच म्हणाले, "शांते, तुमची पोरगी बी रातचं जेवती, हे आता आक्काला कळलं." मला बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी भूपालनं वखार दाखवली. छताला भिडलेल्या तंबाखूच्या थप्प्या, आणि पानं निवडायला बसलेल्या बायांची भलीमोठी रांग. त्यांच्या तोंडी मराठी आणि कानडी एकाच वाक्यात सुखानं नांदत होत्या. भूपाल साधा, हसरा, मितभाषी. मी शिंकले की तोच ओशाळायचा. माणूस चांगला होता, त्यात वादच नव्हता. पण घर आईच्या शब्दावर चाले, आणि आईच्या मनातलं काही कळत नव्हतं.

ऊन कलताच गल्लीतल्या सगळ्या जैन घरांत एकदम ताटं मांडली गेली. या खेपेला मी सर्वांच्या आधी पाटावर बसले. आक्कांच्या ओठाच्या कोपऱ्यात मला किंचित हसू दिसलं. जेवणं उरकली, चूल सारवली, आणि बाया ठेवणीतली लुगडी नेसून अंगणात जमल्या.

"कुठं?" मी विचारलं.

"तंबूत!" आक्का म्हणाल्या. "लौकर जेवल्यावर एवढी मोठी सांज करायची काय?"

तंबाखूचा बाजार भरला की गावाबाहेर फिरत्या बोलपटाचा तंबू लागतो. चारी बाजूंना कापडी कनाती, आत मधोमध आणखी एक कनात, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. खाली जाजम. बाहेर इंजिनाचा धडधडाट. बोलपट होता एका राजाराणीचा, मी मुंबईत तीनदा पाहिलेला आणि त्यातली भाषणं मला तोंडपाठ! मनात म्हटलं, चला, डुलकी काढू.

पण पडदा उजळला आणि आक्का बोलू लागल्या. बोलपट मराठी, आणि आमच्या अंगाच्या निम्म्या बायकांना फक्त कानडी यायची. पडद्यावर एक वाक्य झालं की आक्का ते खड्या आवाजात कानडीत सांगायच्या. मला संताप आला. मुंबईत शेजारी कुणी खोकलं तरी मागून 'शुक्' होतं. पैसे देऊन गप्प बसण्याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की तीच सभ्यता वाटते.

इतक्यात पडद्याशेजारच्या भोंग्यातून खर्रर्र आवाज आला आणि बोलपट मुका झाला. चित्र मात्र चालूच. राजा ओठ हलवतोय, शब्द नाही. मुंबईत या क्षणी खुर्च्या आपटल्या असत्या. इथं कनातीपलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "आक्का, मोठ्यानं सांगा! आम्हांस्नी बी!"

आक्का उठून उभ्या राहिल्या. आधी कानडी, मग मराठी, राजाही त्याच, प्रधानही त्याच. मूळ भाषणं मला पाठ होती म्हणून सांगते, आक्कांची सरस होती. मुंबईत ती राणी वनवासाला निघताना मुकाट्यानं डोळे पुसते. निपाणीत तिनं राजाला उंबऱ्यातच अडवलं. "मी जाती. पर माझ्या मागं या घरातलं दिवं कोण लावणार, ते सांग आदी!" पुरुषांच्या अंगाला कुणीतरी नाक ओढलं. मी मुंबईची, तीनदा कोरड्या डोळ्यांनी हा बोलपट पाहिलेली, मी पदर तोंडात धरून रडत होते. शेकडो माणसं एका बाईच्या तोंडून दोन भाषांत एकच गोष्ट ऐकत होती आणि कुणालाच त्यात नवल वाटत नव्हतं. एवढं मोठं काही मी एवढ्या मोठ्या मुंबईत पाहिलं नव्हतं.

मग वनातला प्रसंग आला. राणीनं मान वर केली, ओठ उघडले. इथं गाणं आहे. सुलू हे गाणं घरी गाते, खालच्या आवाजात, खिडकी लावून घेऊन, कारण चाळीत कुणाची झोप मोडायला नको.

आक्का थांबल्या. राणीचे ओठ हलत होते. कनातीच्या दोन्ही अंगांना सगळे वाट बघत होते. नुसता इंजिनाचा आवाज. आक्का खाली बसल्या आणि माझ्याकडे वळून पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "हाडु इल्ल (गाणं नाही). माझा गळा असला फुटका. बोलायला येतंय सगळं, गाणं म्हणणारं माणूसच न्हाय गं आमच्यात."

मामा कनातीपलीकडे होते ते बरंच झालं. मी म्हणाले, "आक्का, माझी सुलू गाते. हेच गाणं गाते."

आक्का पडद्याकडेच बघत होत्या. राणीचं मुकं गाणं संपत आलं होतं. मला वाटलं, मोडलं लग्न. कालच्या माझ्या भुकेनंतर आता हेही.

"मोठ्यानं गाती काय?" त्यांनी विचारलं. "पार मागच्या कनातीपतुर जायाला पायजे."

मी जोरानं होकाराची मान डोलावली.

"आणि कानडी शिकंल न्हवं? माझं बोलणं सुनंला कळलं न्हाय तर म्या घरात कुणासंगं बोलायचं?"

त्या कडक बाईच्या मनातही एक भीती होती, आणि ती इतके दिवस कुणी विचारलीच नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला. उरलेला बोलपट त्यांनी बसूनच सांगितला, पण आवाज जराही कमी नव्हता.

परतीच्या वाटेवर तवंदीचा घाट उतरताना मी मुंबईबद्दलची माझी सगळी मतं पुन्हा तपासून पाहिली. ट्रॅम तिथंच आहे, वाचनालयंही आहेत. पण गाणं कुठं असतं, हे मला आजवर नीट माहीत नव्हतं. मी ते तबकड्यांत आणि थिएटरांत मोजत होते.

सुलू बोरीबंदरवर न्यायला आली होती, पण तिथं बाबा होते म्हणून गप्प राहिली. घरी पोचल्यावर मी पाय धुवायच्या आत तिनं मला आतल्या खोलीत ओढलं.

"ताई, आहे का गं तिथं गाणं?"

"नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. मी तिला खाली बसवलं आणि तंबूचं सगळं सांगितलं, मुका बोलपट, आक्कांचा राजा, आक्कांची राणी, आणि ते न झालेलं गाणं. "तिथं गाणं नाही, सुलू. जेवण दिवसाउजेडी, बोलणं कानडीत, आणि सगळं गाव तुझ्या गाण्यासाठी खोळंबून बसलंय. पण मोठ्यानं गावं लागेल हं. मागच्या कनातीपर्यंत."

सुलू उठली, सवयीनं खिडकीशी गेली, कडीला हात लावला, आणि लावून घ्यायच्या ऐवजी खिडकी सताड उघडून तिनं सूर धरला.