काकूंच्या चित्रातल्या म्हशी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहाचे कप खाली ठेवा, सांडतील!

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी खापरखेड्याला नोकरीला लागलो होतो आणि बाबांसोबत लकडगंजात मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी बी.ए. झालेली. म्हटलं, आपल्यालाही कलेतलं कळतं, हे दाखवायलाच पाहिजे!

समोरच भिंतीवर पेन्सिलीनं काढलेलं एक लहानसं चित्र होतं. शेत, शेताचा धुरा म्हणजे बांध, मोहाचं झाड, मागे दोन झोपड्या. घाईघाईत ओढलेल्या रेघा, पण काय सुंदर! चार रेघोट्यांत आभाळसुद्धा उतरलं होतं.

कुंदा, म्हणजे ती मुलगी, चहा घेऊन आली. मी विचारलं, "हे तुम्ही काढलं?"

"नाही, आईनं. शेतावर डबा घेऊन गेली होती, तेव्हा. पाच मिनिटांत."

कुंदाची आई दारातच उभी होती. मी सुरू झालो.

"वा काकू! हा धुरा बघा, एका रेघेत! आणि सावली तर अशी, की इथं बसल्या बसल्या झोप यावी!"

काकू लाजल्या. इथं थांबलो असतो तर? पण थांबेल तो मी कसला!

"आणि सगळ्यात भारी म्हणजे झाडाखालच्या या दोन म्हशी!"

खोली एकदम गप्प. मला वाटलं, वा, रंगली मैफल!

"डावीकडची तर काय पसरली आहे! पोट भरलंय, डोळे मिटलेत, निवांत रवंथ चाललाय. वाटतं, जावं आणि पाठ खाजवून द्यावी!"

बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. मी समजलो, दाद देताहेत.

कुंदाचे वडील लाकडाच्या वखारीचे मालक. देह असा, की खाली खुर्ची आहे हे विश्वासानंच मानायचं. ते पुढे झुकले.

"म्हशी कुठं दिसून राहिल्या तुमाले?"

"ह्या काय, झाडाखाली!"

"तो मी आहो. जेवून झोपलो होतो."

अहो, घाम फुटला मला! "नाही नाही, मी... मी उजवीकडच्या म्हशीबद्दल बोलत होतो!"

"तो माया भाऊ. तुमच्या बाजूले बसला, तो."

मी हळूच बाजूला पाहिलं. काकांनी चहाची बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "खाजवाची होती ना? खाजवा!"

बाबा उठलेच. तेवढ्यात दारातून हसण्याचा स्फोट! काकूंनी तोंडात पदर कोंबला होता, तरी आवरेना.

"कुंदे, मी काय सांगून राहिली होती वं? हुबेहूब जमलं म्हणून!"

कुंदा रिकामा ट्रे घेऊन आत पळाली. आतूनही तोच आवाज!

परतताना बाबा रिक्षात तोंड फिरवूनच बसले. मला वाटलं, गेलं स्थळ. आणि वाईट म्हणजे कुंदा मला फार आवडली होती हो!

दोन-तीन दिवसांनी काका स्वतः घरी आले.

"पोरगी म्हणते, करीन तं याच्याशीच. वहिनीचंही तेच. पण दादाची एक अट आहे. लग्नाच्या आधी पोराचे डोळे तपासा अन् त्याले चष्मा लावा!"

एवढंच ना? धावतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, बॅटरी मारली, पापण्या उलटून पाहिल्या.

"अभिनंदन! नजर एकदम चोख आहे. चष्म्याची काही गरज नाही."

मी त्यांचे पायच धरले.

"डॉक्टरसाहेब, कोणताही नंबर द्या, पण द्या! माझे डोळे चांगले आहेत हे सासऱ्यांना कळलं, तर माझं लग्न मोडेल हो!"