दारातला खांब

लासुर्ण्याच्या माळावर सूतगिरणीचं बांधकाम निघालं, त्या अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. ज्या माळावर नागेश कोकरेच्या आज्यानं मेंढरं वळली, तिथंच नागेश गार केबिनमध्ये कॉम्प्युटर राखत बसला. पुण्याचा इंजिनिअर सांगून गेला होता, "आता नकाशे एसटीनं नाही, टेलिफोनच्या तारेनं येतील. इकडं बदल केला की तासाभरात साइटवर." नागेशची नोकरी हंगामी. उद्घाटनापर्यंत काम चोख झालं तर कायम, नाहीतर घरी.

मोठ्या दारातला खांब बाजूला सरकवलेला नवा नकाशा खरोखरच तासाभरात आला. पण आमच्याकडं नवं काही आलं, की आधी मानकऱ्यांना दाखवायचं. पहिला मान बावड्याच्या आप्पासाहेबांचा, मग काटेवाडीच्या बापूसाहेबांचा. दोघंही संचालक. त्यांची नजर पडल्याशिवाय मिस्त्री नव्या कागदाला हात लावत नसे. नागेश नकाशा छापून मोटारसायकलवरून बावड्याला गेला. आप्पासाहेब लग्नाला परगावी गेले होते, चार दिवसांनी परतणार होते. तसाच काटेवाडीला गेला.

"आप्पांनी बघितला का?" बापूसाहेबांनी विचारलं.

"न्हाय, बापू."

"मंग माझ्यापुढं कसा धरतूस? भांडान लावतूस व्हय आमच्यात?"

नागेश नकाशा काखोटीला मारून हिंडत राहिला. साइटवर काँक्रीट थांबेना. जुन्या नकाशाप्रमाणं खांब उभा राहिला, ऐन दारात, मधोमध.

उद्घाटनाला आप्पासाहेब त्या खांबापुढं थबकले आणि नागेशकडं वळले. "ह्योच का तुझा कॉम्प्युटर? उद्यापासनं येऊ नगंस."

तेवढ्यात बापूसाहेबही दाराशी आले. आता आत पहिला पाय कुणाचा? सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली. कुणी हलेना.

नागेश पुढं झाला. "आप्पा, तुमी खांबाच्या उजवीकडनं चला. बापू, तुमी डावीकडनं. पाय एकदमच पडंल."

"उजवी बाजू त्येंचीच का?" बापूसाहेब गुरकावले.

"आतनं बघितलं तर तुमचीच हाय की, बापू."

दोघं एकाच वेळी आत गेले. सनई सुरू झाली.

"ह्या पोराला कायम करा," आप्पासाहेब आतून म्हणाले. "आन् पुण्याला कळवा, फुडच्या इमारतीत समद्या दारांत खांब घ्या."

दुसऱ्या दिवशी नागेशनं केबिनमध्ये जाऊन तो निरोप टाइप केला. मग तारेवर सोडण्याआधी कागदावर छापून घेतला आणि सही आणायला बावड्याच्या वाटेला लागला.