पाव गोळी

स्पिरिटसारखा एक उग्र, कोरडा वास त्या दोन वर्षांत माझ्या उशीच्या अभ्र्यात इतका मुरला होता, की अभ्रा धुऊन दोरीवर वाळत घातला तरी शेजारून जाणाऱ्याला तो यावा. दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत खिडकीच्या कट्ट्यावर राखेची बारीक पूड रोज साचे आणि त्या पुडीशेजारी माझी केस उगवण्याच्या लोशनची, मिनॉक्सिडिलची बाटली उभी असे. सकाळी एक मिलिलिटर, संध्याकाळी एक. टाळूवर थेंब सोडायचे, बोटांच्या टोकांनी पसरायचे आणि मग चार तास डोकं ओलं करायचं नाही. देवपूजा मी इतक्या नेमाने कधी केली नाही.

वय बत्तीस, वीज केंद्रातली पक्की नोकरी, नरडाण्याकडे थोडी कोरडवाहू शेती. मुलीकडच्यांना हे सगळं पसंत पडे. बघण्याचा कार्यक्रम होई, पोहे होत आणि आठवड्याने निरोप येई, की मुलगी अजून शिकायचं म्हणते. माझं डोकं पाहून चार मुलींना उच्च शिक्षणाची ओढ लागली, एवढं समाजकार्य माझ्या हातून घडलं. हसून सांगतो आहे, पण तेव्हा आरशासमोर उभं राहायचा कंटाळा येऊ लागला होता.

केस का गळतात, याची ज्याची त्याची मीमांसा होती. वसाहतीत कुणी बोअरच्या पाण्याला दोष देई, कुणी राखेला, कुणी पाळीच्या ड्यूटीला. माझे वडील, म्हणजे नाना, सरळ माझ्या मामांना दोष देत. बहात्तराव्या वर्षीही त्यांच्या टोपीखाली उमललेल्या कापसासारखे दाट पांढरे केस होते, त्यामुळे त्यांच्या घराण्यावर आळ घेण्याची सोयच नव्हती.

शेवटी जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञाने मला दुसरं औषध सांगितलं, फिनास्टेराइडची गोळी. तेव्हापासून मी मनातल्या मनात दोघांची तुलना करू लागलो. लोशन बाहेरून शिंपायचं, गोळी आतून पोचवायची. लोशनाने सुरुवातीला केस उलट अधिकच गळतात, टाळू खाजते, कंगवा चिकट होतो. गोळीला ना वास ना डाग, पण डॉक्टर चिठ्ठीवरून नजर न उचलता म्हणाले होते, "कुणाकुणाची इच्छा मंदावते. तसं वाटलं तर येऊन सांगा." ज्या लग्नासाठी केशसंभार हवा, त्या लग्नालाच हा विलक्षण आहेर! आणि किती दिवस घ्यायची, असं विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "केस हवे आहेत तोवर." म्हणजे दोन्ही औषधांत याबाबतीत फरक नव्हता. थांबलात, की काही महिन्यांत पुन्हा जिथे होतात तिथेच. माणूस रोगाने थकत नाही इतका या 'तोवर'ने थकतो, असं तुम्हालाही कधी वाटलं आहे का? त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला फार दमल्यासारखं झालं.

ही गोळी मुळात म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटच्या गाठीवरची. केसांसाठी तिचा चौथा हिस्सा पुरे, म्हणून एका गोळीचे चार तुकडे करायचे. पॅसेंजरने गावी नानांकडे गेलो तेव्हा मी वर्तमानपत्रावर गोळी ठेवून दाढीच्या ब्लेडने कापत बसलो होतो आणि नाना बघत होते. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. लघवीच्या त्रासावर धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना वर्षभरापूर्वी हीच गोळी, अख्खी, रोज एक अशी लावून दिली होती. बाप-लेक एकाच गोळीवर आहोत याचं आम्हांला दोघांनाही हसू आलं.

पुढच्या खेपेला त्यांनी तीन भरलेली पाकिटं माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "डाक्टरनी मन्ही गोयी बंद करी टाकी. फेकामा जाई, तू ली जाय." मी पिशवीत टाकली. का बंद केली, त्रास कमी झाला का, एवढंही मी विचारलं नाही. गरजू माणूस फार प्रश्न विचारत नाही, हे मला माझ्यावरूनच कळलं. त्यानंतरही त्यांनी दोनदा पाकिटं दिली, आणि तीही मी घेतली.

पाच-सहा महिन्यांनी कामावर फोन आला. नानांची लघवी पहाटेपासून अडकली होती आणि त्यांना धुळ्याला नेलं होतं. पोचलो तेव्हा नळी घालून झाली होती. गोळ्या कुणाला विचारून थांबवल्या, म्हणून डॉक्टर रागावले होते. बाहेरच्या बाकावर, गावी नानांजवळ राहणाऱ्या वहिनी हळूच मला म्हणाल्या, "भाऊजी, डाक्टरनी काहीच बंद करेल नव्हतं. नाना दर महिनाले गोया आनेत, नि तुम्हनासाठे ठेवी देत. माले त्यास्नी सांगं, कोनले बोलू नको."

मी आत गेलो. रागवायचं असं ठरवून गेलो होतो. नाना ग्लानीत नव्हते, नुसते थकले होते. असं का केलंत, एवढंच मला विचारता आलं.

"माले आते काय करनं शे गोयीनं?" ते म्हणाले. "तुन्हं लगीन बाकी शे."

मग त्यांनी मला वाकायची खूण केली. मी डोकं खाली केलं. त्यांचा खरखरीत तळवा माझ्या टाळूवरून सावकाश फिरला, जिथे गेल्या महिनाभरात बारीक लव उगवू लागली होती, आणि ती लोशनाची की गोळीची याचा निवाडा करत मी रोज आरशासमोर खुशीत उभा राहत होतो.

"केस उनात ना रे भाऊ, थोडा?"

"उनात, नाना," मी म्हणालो. केस खरंच आले होते; ते खोटं असतं तर मला सोसलं असतं.